तुला न दिलेली वेल

आक्का,

परवा तुझे दिवस संपले, गंधमुक्ती झाली. इथे सुरतेत, गोडादऱ्याच्या आपल्या गल्लीत मांडव घातला होता. गावाकडची मंडळी गाडी करून आली होती. मी पंगतीत वाढत होते, तेव्हा शिरपूरकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, मला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बहीण कॅन्सरनं औषध शोधस म्हने, आनि बहीणच गई." मी तिच्या ताटात बट्टी मोडून घातली, वर वरण ओतलं आणि पुढे सरकले.

मला राग आला नाही. असं कुणीतरी बोलणार हे आपल्या दोघींना आधीपासून माहीत होतं. तू असतीस तर तिच्याशेजारी फतकल मारून बसली असतीस आणि तिचं जेवण थंड होईपर्यंत तिला समजावत राहिली असतीस. मला ते जमत नाही. मी वर्गात बोलते ते मुलांना परीक्षेपुरतं कळतं. तू बोलायचीस ते गल्लीला कळायचं. म्हणून त्या म्हातारीचं उत्तर आज मी तुलाच लिहिते आहे. रविवारची दुपार आहे, कॉलेज बंद आहे आणि खाली कापडाचे लूम चालू आहेत.

आधी एक गोष्ट साफ करून टाकते, कारण मांडवात तीही चुकीची सांगितली जात होती. सगळे म्हणत होते, सिंधूने धाकट्या बहिणीसाठी शाळा सोडली. खोटं आहे. तुला शाळा आवडायचीच नाही. मास्तर फळ्याकडे वळले की तू खिडकीतून बाहेर बघायचीस. बाबा इथे लूमवर लागले, आपण सगळे सुरतेला आलो, तेव्हा तूच म्हणालीस की मी साड्यांना लेस लावीन, मला वर्गात कोंडू नका. तू त्याग केला नाहीस, तुला हवं ते केलंस. लोकांना त्यागाची गोष्ट आवडते म्हणून ती तुझ्या नावावर चिकटवू देणार नाही.

माझं काम तू पहिल्यांदा पाहिलंस ते आजारी पडायच्या कितीतरी आधी. तुझ्या मयूरीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आपण कॉलेजच्या बाजूला आलो होतो, आणि तू म्हणालीस, चल, तू दिवसभर काय करतेस ते तरी बघू. मी तुला लॅबमध्ये नेलं. वाळवलेल्या पानांची पूड, अल्कोहोलमध्ये भिजत घातलेल्या बरण्या, आणि कोपऱ्यात गरम पाण्यात गोल गोल फिरणारं काचेचं भांडं, ज्यातून अल्कोहोल उडून जातं आणि तळाला हिरवट-काळा चिकट अर्क उरतो. तू त्या भांड्याकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "हाई तं दारूनी भट्टी शे."

माझी विद्यार्थिनी हेतल हसून हसून खुर्चीत बसली. तिला अहिराणी कळत नाही, पण दारू आणि भट्टी हे दोन शब्द सुरतेत सगळ्यांना कळतात.

मी सांगितलं, "भट्टीच आहे. फक्त वर उडतं ते आम्हाला नको असतं, खाली उरतं ते हवं असतं."

"आणि त्याचं काय करतेस?"

"त्यातला एकेक पदार्थ वेगळा काढते आणि कॅन्सरच्या पेशी मरतात का ते बघायला बाहेरच्या संस्थेत पाठवते."

"मरतात?"

"काही मरतात."

तू मान डोलावलीस आणि आपण खाली जाऊन उसाचा रस प्यायलो. त्या वेळी ती दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराची गोष्ट होती.

मग तुझं पोट फुगायला लागलं. तू गॅस म्हणालीस, बसून बसून होतंय म्हणालीस, ओवा खाल्लास. साडीची गाठ रोज थोडी सैल बांधायला लागलीस, तरी कुणाला सांगितलं नाहीस. शेवटी भाऊजींनी मला फोन केला, म्हणाले, "ती माझं ऐकत नाही, तू ये." मी आले, तुझ्या पोटावर हात ठेवला आणि त्याच दिवशी तुला दवाखान्यात नेलं. पोटात पाणी होतं. ते पाणी कशामुळे, ते तपासण्यांनंतर कळलं. बीजकोशाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, काढता येण्याजोगं सगळं काढलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता ड्रिप सुरू करायच्या.

आपलं भांडण तिथून सुरू झालं.

मी तुझ्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होते. तू टेकून बसली होतीस. मयूरी दारात फोनवर कुणाशी तरी गुजरातीत बोलत होती. तू एकदम म्हणालीस, "माले काबर देत नही तू?"

मी म्हटलं, "काय देत नाही?"

"तुझी ती वेल. डांगच्या जंगलातून आणतेस ती. तूच म्हणाली होतीस की त्यानं मरतात."

खरंच म्हणाले होते. त्या वर्षी त्या वेलीतून निघालेल्या एका पदार्थाचे आकडे चांगले आले होते. कॅन्सरच्या पेशी पटापट मरत होत्या. मी आनंदाने घरभर सांगितलं होतं, पेढेही आणले होते.

"लॅबमधल्या बशीत मरतात, आक्का."

"मग माझ्या पोटातल्या का नाही मरणार?"

"बशीत मीठ जास्त टाकलं तरी मरतात. फिनाईल टाकलं तरी मरतात. बशीत नुसत्या पेशी असतात. तिथे लिव्हर नसतं, किडनी नसते. तिथे तू नसतेस."

तू म्हणालीस, "मंग तू शिकनी कशाले?"

भाकरी तव्यावर करपली. मयूरीने फोन ठेवला आणि ती आत येऊन माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तुझ्या तोंडातला घास काढून घेतला. ती म्हणाली, "मावशी, थोडी तरी दे ना. काय होणार आहे?" मी म्हटलं, काय होणार ते मला माहीत नाही, म्हणूनच देत नाही. तिला ते पटलं नाही. तुला तर नाहीच. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. मी यायचे, भांडी घासायचे, औषधाच्या गोळ्या वेळेनुसार डब्यात भरायचे, आणि तू भिंतीकडे तोंड करून लेस लावत राहायचीस.

तेव्हाही मला खात्री होती आणि आजही आहे. तू रडून मागितली असतीस तरी मी दिली नसती. पण खात्री असली म्हणजे छातीत दुखत नाही असं नसतं, एवढंच.

पहिल्या ड्रिपच्या दिवशी मी तुझ्याजवळ बसले होते. तू डोळे मिटून होतीस. बाटलीत काय आहे ते तू बाटली लावणाऱ्या नर्सला विचारलंस, मला नाही, "बेन, आमां शुं छे?" तिने औषधाचं इंग्रजी नाव सांगितलं आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली. तू डोळे उघडून त्या बाटलीकडे बघितलंस. मग बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे.

मी म्हटलं, "झाडाचं आहे ते."

"काय?"

"ते बाटलीतलं. थंड मुलखात एक झाड असतं, त्याच्या सालीतून पहिल्यांदा काढलं. एका माणसाच्या औषधासाठी अख्खी झाडं सोलावी लागायची. मग लोकांनी त्याच्या जवळच्या झाडाच्या पानांतून अर्धं काम करून घ्यायची युक्ती काढली. आता झाड तोडावं लागत नाही."

तू उठून बसायला लागलीस, मी खांद्याला धरून मागे टेकवलं.

"म्हणजे हा झाडपालाच?"

"झाडपाल्यातून काढलेला एकच पदार्थ. बाकी सगळं बाजूला केलेलं."

"आणि ते झाड तसंच चावून खाल्लं तर?"

"मरशील. त्याची पानं खाऊन गुरं मरतात. तेच झाड. किती द्यायचं, कसं द्यायचं, किती दिवसांनी परत द्यायचं, हे कळायला फार वर्षं गेली, आक्का. फार माणसांवर बघावं लागलं."

तू शेजारच्या बाटलीकडे बोट केलंस. मग म्हणालीस, "आणि ती दुसरी बाटली?"

"ती झाडाची नाही. ती धातूपासून केलेली आहे."

"मग ती नको सांगू. ही चांगली आहे." आणि तू हसलीस.

घरी परतताना रिक्षात मी तुला सदाफुलीचंही सांगितलं. आपल्या दारात रंगाच्या डब्यात लावलेली, जिला कुणी पाणी घालत नाही तरी जी बारा महिने फुलते. तिच्या पानांच्या मोठ्या ढिगातून चिमूटभर औषध निघतं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही वापरतात. तू म्हणालीस, "माझ्या दारात आणि मला माहीत नाही." मी लगेच म्हटलं, "तोडून खाऊ नकोस." तू म्हणालीस, "मला अक्कल आहे." म्हणजे आपण परत बोलायला लागलो होतो.

आता ते वर्तमानपत्राचं. तो प्रकार मी अजून नीट लिहिलेला नाही कुठे.

आमच्या कॉलेजात कार्यक्रम होता, मी वेलीच्या कामाबद्दल थोडं बोलले. एक वार्ताहर बसला होता. दुसऱ्या दिवशी एका गुजराती पेपरात माझ्या फोटोसकट छापून आलं की सुरतच्या प्राध्यापिकेने कॅन्सरचं औषध शोधलं. वेल कुठे मिळते तेही छापलं होतं. मी कपाळाला हात लावला. मी पेपरला फोन करत बसले, आणि तिकडे लोक कॉलेजात येण्याऐवजी गोडादऱ्याला तुझ्या दारात यायला लागले, कारण गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं की त्या मॅडमची बहीण इथे राहते.

मी दुपारी धावत तुझ्याकडे पोचले. दारात चपलांचा ढीग होता. मी बाहेरच थांबले. आत तू डोक्याला ओढणी गुंडाळून बसली होतीस. केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या. मांडीवर अर्धी लेस लावलेली साडी होती. समोर बमरोलीहून आलेले एक म्हातारे बाबा बसले होते, हातात बायकोच्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. ते धुळ्याकडचे होते, म्हणून तू आपल्या भाषेत बोलत होतीस.

"बठा. पानी ल्या," तू म्हणालीस.

"पानी नको, ताई. पाला द्या. थोडा दिला तरी चालेल."

"बाबा, माझ्याकडे बघा. मी तिनी सख्खी बहीण. माले कॅन्सर शे. तरी ती माले देत नही. मंग तुमले देई का?"

बाबांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ती दुष्ट आहे म्हणून देत नाही असं नाही," तू पुढे म्हणालीस. "मलाही आधी तसंच वाटलं होतं. तिच्याकडे औषध नाहीच. तिच्याकडे पाला आहे. पाल्याचं औषध व्हायला वेळ आहे. जे झालेलं आहे ते दवाखान्यात बाटलीत आहे, मी तेच घेते. घरी काकूंना ड्रिप चालू आहे का?"

"दोन घेतल्या. मग बंद केल्या. उलट्या होत होत्या."

"उलट्यांची गोळी असते. मागायची. उद्या घेऊन जा तिला."

मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. ज्या गोष्टीवरून तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस, तीच गोष्ट तू त्या माणसापुढे माझ्या बाजूने ठेवत होतीस. तुझं दुखणं तसंच होतं आणि वेल तुला मिळालेली नव्हती. मी आत आले तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, "आलीस? चहा कर. एवढी माणसं आहेत."

त्या गर्दीतच कुसुम होती, मागच्या गल्लीतली. तिचा नवरा रंगाच्या मिलमध्ये. तिच्या छातीत गाठ होती आणि ती बारडोलीकडच्या कुणा माणसाकडून पुड्या आणून खात होती. डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. "पुडीनं उतरते आहे," असं ती म्हणायची. तू तिच्याशी वाद घातला नाहीस. तू म्हणालीस, "ठीक आहे, पुडी खा. पण माझ्याबरोबर ड्रिपला चल. मला सोबत हवी आहे." ती सोबत म्हणून आली, आणि तू तिला हाताला धरून तुझ्याच डॉक्टरांच्या खोलीत नेलंस. पुडीसुद्धा त्यांच्या टेबलावर ठेवायला लावलीस. रक्त तपासलं तर लिव्हरला त्रास सुरू झालेला होता. गाठ कॅन्सरची होती, पण अजून पसरली नव्हती. परवा ती गंधमुक्तीला आली होती. तिचे केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. ती तुझ्या फोटोसमोर उभी राहिली आणि पदर डोळ्याला लावून आत जाऊन पोळ्या लाटायला बसली.

पेपरने नंतर आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. तो कुणी वाचला नाही. वेलीचं नाव मी तेव्हापासून कुठल्याच कार्यक्रमात घेत नाही. इथेही लिहीत नाही.

मग तो दिवस आला ज्याबद्दल त्या शिरपूरच्या म्हातारीला मला खरं सांगायचं होतं. तुझ्या ड्रिप संपल्या होत्या, रिपोर्ट चांगले आले होते, तू परत लेसच्या कामाला लागली होतीस. आम्ही त्या वेलीचा पदार्थ निरोगी पेशींवर तपासायला पाठवला होता. निकाल आला. त्याही मरत होत्या. जवळजवळ तेवढ्याच.

मी कॉलेजातून थेट तुझ्याकडे आले. तुला दारातच सांगितलं, कारण आत येऊन बसले असते तर सांगायला जमलं नसतं. तू सुई थांबवलीस.

"म्हणजे मला दिली असतीस तर?"

"माहीत नाही. वाईट झालं असतं, असं वाटतं."

 मला वाटलं होतं की तू म्हणशील, बरं झालं दिली नाहीस. तू तसं म्हणाली नाहीस. आणि ते मला आवडलं, कारण माझं बरोबर आलं म्हणून तुझी आशा चुकीची होती असं काही होत नव्हतं.

तू विचारलंस, "मग तुझं काम बुडालं?"

"नाही. त्या पदार्थाचा एक भाग पेशी मारतो आणि दुसरा भाग सगळीकडे घुसतो. हेतल म्हणते की दुसरा भाग बदलून बघू."

"उसवायचं आणि परत लावायचं."

"तसंच."

"मग लाव." आणि तू सुईत दोरा घालायला लागलीस.

त्यानंतरचे दिवस मी कधी मोजले नाहीत, मोजणारही नाही. मयूरीचं लग्न झालं, बारडोलीच्या एका घरात. हळदीला तुझ्या डोक्यावर नवे, बारीक, पांढरे-काळे केस होते आणि तू ते झाकायला नकार दिलास. एकदा तू आमच्याबरोबर डांगलाही आलीस. वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही नमुने आणायला गेलो होतो. हेतल आणि मी काट्यांतून फिरत होतो, आणि तू चौकीजवळ बसून तिथल्या बायकांकडून नागलीची भाकरी खात होतीस. आम्ही परत आलो तर त्या बायकांना तू साडीला लेस कशी लावतात ते दाखवत होतीस. गाडीत बसताना म्हणालीस, "एवढ्या जंगलात तुला एकच वेल सापडली?" मी म्हटलं, एकच नीट समजली तरी आयुष्य पुरेल. तू म्हणालीस, "तुझं पुरेल." मी ते तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

दुखणं परत आलं तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. मी तुला त्याचंही सांगितलं. हेही झाडाच्याच पदार्थावरून बनवलेलं, आणि हे झाड आपल्याकडचं, सह्याद्रीतलं. त्याच्या फुलांना घाण वास येतो म्हणून त्याला नरक्या म्हणतात.

"नरक्या?" तू म्हणालीस. "नाव तरी बघा. हे शिरेत घेऊन मी वर गेले तर दारात काय सांगू?"

भाऊजी ओरडले, असं बोलू नकोस. पण आपण दोघी हसत होतो, आणि नर्सही हसली. नरक्याने तुला एक दिवाळी दिली आणि एक उन्हाळा. त्या उन्हाळ्यात तू कैरीचं लोणचं घातलंस आणि सगळ्यांना बरणी पोचवलीस. त्याचं मोल मी कमी धरत नाही. जे म्हणतात की शेवटी काय उपयोग झाला, त्यांनी ते लोणचं खाल्लेलं नाही.

मग तेही थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता दुखणं कमी ठेवू, बाकी काही नको. त्या दिवशी भाऊजींनी मला जिन्यात गाठलं. त्यांचे हात जोडलेले होते. म्हणाले, "आता तर दे. आता काय बिघडणार आहे?" मागे मयूरी उभी होती. तिच्या डोळ्यांत तेच होतं.

तुला एक सांगायचं राहून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी फ्रीज उघडला आणि वेलीच्या अर्काची बाटली हातात घेतली. खूप थंड होती. मी ती हातात धरून उभी राहिले, बोटं बधिर होईपर्यंत. मला पक्कं माहीत होतं की ती तुला वाचवणार नाही, उलट आधीच दुखणाऱ्या पोटाला आणखी दुखवील. तरी मी उभी होते. मग ठेवून दिली आणि फ्रीज लावला. यात माझी चूक होती असं मला वाटत नाही. फक्त तुला कळायला हवं होतं की माझा नकार सोपा नव्हता.

मी तुझ्याकडे आले तर भाऊजींनी तुला आधीच विचारलं होतं. तू म्हणालीस, "तिला नका त्रास देऊ. तिचं उत्तर मला पाठ आहे." मला वाटलं विषय संपला. पण भाऊजी आणि मयूरी बाहेर गेल्यावर तू माझा हात धरलास.

"सुनी, तुम्ही लोक फार हळू चालता."

"चुकीचं औषध पटकन मिळतं, आक्का. बारडोलीच्या त्या पुडीवाल्याकडे लगेच मिळतं."

"ते कुसुमला सांग. माले नको सांगू. आते माले घाई शे."

  आपला सगळ्यात जुना वाद तिथेच राहिला आहे, अर्धा. माझं म्हणणं अजून तेच आहे की घाईने दिलेला पाला म्हणजे विष. पण तुझंही म्हणणं खरं होतं की वेळ माझ्याकडे होता आणि तुझ्याकडे नव्हता. ही दोन्ही वाक्यं मी एकाच डोक्यात ठेवून रोज लॅब उघडते. त्यातलं एक गाळून टाकलं तर मला काम करता येणार नाही.

तू गेलीस ती सकाळी, सगळे लूमवर निघायच्या वेळी. मयूरी तुझ्या पायाशी होती. तुला दुखत नव्हतं. दुखणं थांबवणारी ती गोळीसुद्धा अफूच्या बोंडातूनच आलेली, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू म्हणाली असतीस, झाडं काय माझा पिच्छा सोडत नाहीत.

आता कामाचं सांगते, कारण तू ते विचारल्याशिवाय राहिली नसतीस. हेतलने जो भाग बदलला तो चांगला निघाला आहे. नवा पदार्थ कॅन्सरच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींना बराचसा सोडतो. पुढे जनावरांवरच्या चाचण्या आहेत. तिथे तो पडूही शकतो. पडला तर दुसरा करू. या झाडांत औषध आहे यावर माझा विश्वास बसलेला आहे, कारण ते मी तुझ्या शिरेत थेंब थेंब जाताना पाहिलं आहे. त्या म्हातारीला हेच सांगायचं होतं. तुला झाडांनीच जगवलं, आक्का, जितकं जगवता आलं तितकं. अजून जास्त जगवता येईल, आणि ते आम्ही करू.

आणि काल काय झालं ते ऐक. भाऊजींनी फोनवर सांगितलं. पेपरातलं ते जुनं कात्रण कुणीतरी परत फोनवर फिरवलं. एक माणूस लिंबायतहून पत्ता शोधत आला. बायकोला कॅन्सर आहे, वेल पाहिजे. भाऊजींनी मयूरीला हाक मारली. मयूरी अजून माहेरीच आहे. तीच मयूरी, जी मी नाही म्हटल्यापासून माझ्याशी मोजकंच बोलते. ती बाहेर आली. त्या माणसाला खुर्ची दिली. त्याच्या हातातले रिपोर्ट घेतले, सगळे वाचले.

मग त्याला गुजरातीत म्हणाली, "भाई, मासीए मारी मम्मीने पण नहोती आपी. एनुं कारण छे. बेसो, हुं समजावुं."

मी तुलाही वेल का दिली नव्हती, हे ती बराच वेळ त्याला समजावत होती, असं भाऊजी म्हणाले. आज सकाळी ती त्याच्या बायकोला घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे गेली आहे, ते रविवारी सकाळीही बसतात. मघाशी तिचा मला निरोप आला, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून: मावशी, यांना ड्रिपमध्ये कुठलं झाड देणार आहेत ते विचारून सांगते.